आपोआप शुद्धीवर येणारा फ्यूज

आमच्या शिरगावच्या बिल्डिंगला इंटरकॉम हवा, असं माझ्या सासऱ्यांखेरीज कोणालाही वाटलं नव्हतं. बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही. खाली कोणी आलं की आवारात उभं राहून, मान वर करून हाक मारायचं. वरून कोणीतरी खिडकीत यायचं आणि काम होऊन जायचं. पण सासरे नुकतेच रिटायर झाले होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात, इलेक्ट्रिकल खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे म्हणे त्यांना विचारल्याशिवाय साधा बल्ब बदलला जात नसे. घरात बल्ब मी बदलत होते. ते त्यांना सहन होत नव्हतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले आणि म्हणाले, "खाली दाराशी बटणांची पाटी. प्रत्येक घरात एक रिसीव्हर, घराघरांतही बोलता येईल. माणसाने गुरासारखं ओरडायचे दिवस गेले आता."

फुकटात होत असेल तर कोण नाही म्हणतंय? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा पिऊन आपापल्या घरी गेले.

मग सासऱ्यांच्या उल्हासनगरच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे तीन नंबरच्या कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे जुन्या टेलिफोनचे रिसीव्हर ढिगाने मिळायचे. त्याच्याकडून पोतंभर काळे रिसीव्हर आले, आणि ते पोतं माझ्या ओट्याखाली, तांदळाच्या डब्याच्या जागी जाऊन बसलं. घरभर वायरींची भेंडोळी. सासूबाई पूजेला बसल्या की त्यांच्या पाटाखाली एखादा स्क्रू निघायचा. त्या मुकाट्याने तो बाजूला ठेवायच्या. मला मुकाट्याने काही जमत नसे.

सांगायला हवं की काम त्यांनी सुबक केलं. वायर सरळ रेषेत, दर वितीवर क्लिप, कुठे गाठ नाही. ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूजची पेटी मात्र त्यांनी पहिल्या मजल्यावर आमच्याच हॉलमध्ये, दारामागे लावली. "सिस्टीमचा जीव आपल्या डोळ्यांसमोर असावा," असं त्यांचं म्हणणं.

त्या पेटीत काचेचा एक फ्यूज होता. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, तिच्यात केसासारखी बारीक तार. कुठे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आणि भलताच करंट वाहू लागला, की ती तार वितळायची आणि सगळं बंद पडायचं. बाकीचं जळू नये म्हणून स्वतः जळून जाणं एवढंच तिचं काम. ते काम ती फार वेळा करायची. सगळी घरं एकाच जोडीच्या वायरवर होती. त्यामुळे चौथ्या मजल्यावर कोणी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला आणि तो वायरीत गेला, की तळमजल्यापासून सगळ्यांचे फोन मुके. मग लोक आमच्या दारात.

"आजोबा, फोन गेला."

रविवारी सकाळी मी चपात्या लाटत असले की नेमका तेव्हा. ओल्या फरशीवर कोणाच्या तरी चपला उमटायच्या. सासरे लोणच्याच्या बरणीतून, माझ्याच लोणच्याच्या बरणीतून, नवा फ्यूज काढायचे आणि हाक मारायचे, "सूनबाई, जरा बॅटरी धर."

"बाबा, हाताला पीठ आहे."

"पिठाने काय होतंय? बॅटरी धरायची आहे, खायची नाही."

मी पिठाच्या हाताने बॅटरी धरायची. ते चष्मा कपाळावर चढवून, जळलेला फ्यूज उजेडाकडे धरून, डॉक्टरने एक्स-रे पाहावा तसा पाहायचे. दारात उभा असलेला माणूसही गंभीर चेहऱ्याने पाहायचा. तव्यावरची चपाती करपायची. मग "कोणाच्या घरात काय झालं?" हा तपास सुरू व्हायचा आणि सासरे स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या माणसाबरोबर वर जायचे ते जेवणं उरकली तरी यायचे नाहीत.

माझा नवरा या सगळ्यात वर्तमानपत्राच्या मागे असायचा. "त्यांचा वेळ जातोय ना? जाऊ दे," एवढं त्याचं मत. वेळ त्यांचा जात नव्हता, माझा जात होता, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल.

एकदा सासू-सासरे गावी लग्नाला गेले होते. मी कामावरून घरी आले तर जिन्यातच जळका वास. दार उघडं. हॉलमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी आणि माझा नवरा, दोघं ओल्या पोत्यांसह उभे. पेटीच्या वरची भिंत छतापर्यंत काळी झालेली, आणि मी स्वतः शिवलेला दाराचा पडदा अर्धा गेलेला.

"झालं काय?" मी विचारलं.

"काही नाही वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, "फोन बंद होता. फ्यूज सापडेना. म्हणून सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावली. तात्पुरती."

"आणि तू लावू दिलीस?" मी नवऱ्याला विचारलं.

"ते म्हणाले, आमच्या ऑफिसात असंच करतात."

चांदीचा कागद वितळत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर वितळला. घरात कोणी नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करत मी भिंत घासत बसले. ती काळी छटा घासून गेली नाही. तिच्यावर पुढे बरीच वर्षं देवीचा फोटो लावलेला होता.

सासरे परत आले, त्यांनी भिंत पाहिली आणि सेक्रेटरींशी महिनाभर अबोला धरला. ट्रान्सफॉर्मर नवा आणला. मला वाटलं होतं, आता तरी हे प्रकरण मिटेल.

मी तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत होते. टेलिफोन एक्स्चेंजला लागणारे सर्किट बोर्ड तयार व्हायचे, ते तपासण्याच्या टेबलावर माझी जागा. त्या सुमारास आमच्याकडे एक नवा पार्ट यायला लागला होता. पिवळट रंगाची चपटी चकती, दोन तारांचे पाय, दिसायला आंबटगोड गोळीसारखी. नाव मोठं इंग्रजी होतं, पण टेबलावर आम्ही सगळ्या बायका तिला गोळीच म्हणायचो. आमच्या इंजिनिअर साहेबांना मी एकदा विचारलं, "सर, ही करते काय?"

"फ्यूजच आहे," ते म्हणाले. "पण जळत नाही. करंट वाढला की आतून तापते, फुगते आणि करंट अडवून धरते. कारण दूर झालं, गार झाली, की परत पहिल्यासारखी. बदलायला नको."

"आपोआप?"

"आपोआप. बेशुद्ध पडते आणि शुद्धीवर येते म्हणा."

माझ्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी, पिठाचे हात आणि काळी भिंत, सगळं एकदम उभं राहिलं. मी साहेबांकडे एक गोळी मागितली. आमच्या इंटरकॉमच्या बारा व्होल्टला कुठली चालेल ते त्यांनीच पाहून, एक नमुन्याची गोळी कागदात बांधून दिली. कधी नव्हे ते मी कामावरून हसत घरी आले.

सासऱ्यांनी ती गोळी चिमटीत धरून उलटसुलट पाहिली.

"हा फ्यूज?"

"हो बाबा. जळतच नाही."

"जळत नाही तो फ्यूज कसला? मग त्याला फ्यूज म्हणायचं कशाला?"

"लावून तर बघा."

जेवणाच्या टेबलावर त्यांनी ट्रान्सफॉर्मर मांडला, गोळी जोडली, पुढे स्कूटरचा एक बल्ब. बल्ब लागला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून दोन वायरी मुद्दाम एकत्र केल्या. बल्ब गेला. ना ठिणगी, ना आवाज. त्यांनी गोळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. स्क्रूड्रायव्हर काढून ते वाट पाहत बसले. जरा वेळाने बल्ब लागला.

"हं," ते म्हणाले.

परत स्क्रूड्रायव्हर टाकला. परत बल्ब गेला, परत आला. हे इतक्या वेळा झालं की सासूबाई शेवटी ताटं घेऊन येऊन उभ्या राहिल्या. "तिला आता श्वास तरी घेऊ द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोळी पेटीत गेली आणि आमच्या घरात शांतता आली. रविवारी दार वाजेना. चपात्या करपेनात. फोन मध्येच बंद पडायचे, पण आपोआप सुरू व्हायचे. लोकांनाही ते कळलं होतं. "जातो थोडा वेळ, येतो परत," असं एकमेकांना सांगून ते आपापल्या कामाला लागायचे. खाली दूधवाला बटण दाबदाबून कंटाळला की पूर्वीसारखा मान वर करून ओरडायचा. कोणाचं काही अडत नव्हतं.

सासरे मात्र दुपारी जिन्यात दिसायला लागले. एकेका मजल्यावर जाऊन विचारायचे, "फोन चालतोय ना?"

"हो आजोबा, मस्त." दार बंद.

मग ते घरी येऊन दारासमोरच्या खुर्चीत बसायचे. माझ्यावर खेकसायला लागले. चहात साखर जास्त, पंख्याचा आवाज, माझं कामावरून उशिरा येणं. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर दाराकडे बघत बसतात. कोणी येतच नाही." मी ते ऐकलं, पण खरं सांगते, मला त्या वेळी इतकं बरं वाटत होतं की मी फार विचार केला नाही.

गणपती गेले आणि एका रविवारी दार वाजलं. "आजोबा, फोन गेला." सासरे ताडकन उठले आणि मला हाक न मारता, स्वतःच बॅटरी धरून पेटीत डोकं घातलं. पुढच्या आठवड्यात परत. मग तर रोजच. मी चक्रावले. गोळी तर खराब होत नाही म्हणे, मग हे काय? मी कामावर गेले आणि साहेबांना सुनावलं, "सर, तुमची गोळी टिकली नाही. शुद्धीवर येतच नाही."

"शक्य नाही."

"शक्य नाही कसं? आमच्या घरी रोज लोक दारात उभे आहेत."

"मॅडम, याच गोळ्या आपण एक्स्चेंजला पाठवतो. तिथून एक तक्रार नाही. तुमच्या सासऱ्यांच्या एका इंटरकॉमसाठी मी आता कंपनीला पत्र लिहू का?" मग जरा नरमून म्हणाले, "काढून आणा. तपासून देतो."

आमचा आवाज वाढल्यामुळे टेबलावरच्या सगळ्या बायका सोल्डरिंग थांबवून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात सुट्टी होती. सासरे भाजी आणायला स्टेशनपर्यंत गेले होते. मी स्टुलावर चढून पेटी उघडली. आत गोळी नव्हतीच. तिच्या जागी काचेचा फ्यूज, नवा कोरा, चकचकीत.

मी स्टुलावरून उतरले आणि तशीच दाराकडे तोंड करून बसून राहिले. सासरे पिशवी घेऊन आत आले, त्यांनी उघडी पेटी पाहिली आणि पिशवीतली मेथी काढून सासूबाईंपुढे ठेवायला लागले.

"बाबा, गोळी कुठे आहे?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. त्यात गोळी होती, कापसात ठेवलेली.

"मी तिथे साहेबांशी भांडून आले," मी म्हणाले. "चार बायकांसमोर. आणि तुम्ही ती कापसात घालून खिशात घेऊन फिरताय?"

"खराब नाहीये ती. चांगली आहे."

"मग काढलीत कशाला?"

"सांगत नाही ती," ते एकदम मोठ्याने म्हणाले. "फ्यूज जळला की कळतं काहीतरी बिघडलंय. मग शोधता येतं. तुझी ही गोळी गप्प बसते. कुठे बिघडलं, कधी बिघडलं, काही पत्ता नाही. रोज दुपारी सिस्टीम जाते आणि येते. का जाते? कोणालाच पडलेली नाही. बिघाड तसाच आत राहतो आणि सगळे म्हणतात मस्त चाललंय!"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि त्यामुळेच माझा संताप आणखी वाढला. ते दिवसभर दाराकडे का बघत बसायचे हेही मला माहीत होतं. दोन्ही कारणं खरी होती आणि दोन्हींचा त्रास मलाच होता.

"गप्प बसते ना?" मी ओरडले. "मग तिला बोलती करा! एवढे इलेक्ट्रिशियन आहात ना? फ्यूज जाळून माझं घर डोक्यावर घेण्यापेक्षा तिला बोलायला शिकवा."

मेथी निवडता निवडता सासूबाई थांबल्या. मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. पण सासरे खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेनने रेघोट्या ओढायला लागले. जेवतानाही तेच. भातात बोट फिरवत म्हणाले, "गोळी अडून बसली की सगळं व्होल्टेज तिच्याच दोन पायांत येतं. बरोबर? मग तिथेच एक बारका लाल दिवा जोडला तर? ती बेशुद्ध पडली की दिवा लागेल."

"लागेल," मी म्हणाले. मी अजून रागातच होते, पण हे खरंच लागणार होतं.

"आणि प्रत्येक घराच्या वायरीला वेगळी गोळी दिली तर कोणत्या घरात बिघाड आहे ते इथे बसून दिसेल. बाकीच्यांचे फोन बंदही पडणार नाहीत. तुझ्या साहेबाकडे अजून गोळ्या मिळतील?"

ज्या माणसाशी मी आठवड्यापूर्वी भांडले होते त्याच्याकडे मला मूठभर गोळ्या मागायला जायचं होतं. आधी मला सांगावं लागलं की गोळी खिशात सापडली. साहेब इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. वाकड्या पायांच्या म्हणून बाजूला काढलेल्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. "सासऱ्यांना नमस्कार सांगा," म्हणाले.

नवी पाटी तयार झाली. आमच्या हॉलमध्ये, घरांच्या नंबरांसकट लाल दिव्यांची रांग. चालू केल्याच्या दुसऱ्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचा दिवा लागला. तिथे उल्हासनगरहून राहायला आलेली एक सिंधी बाई होती. सासरे स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत वर गेले. मीही मागोमाग गेले, कारण आता काय निघतंय हे मलाही बघायचं होतं.

"अरे बाबूजी, मेरा फोन तो ठीक है," ती दारातच म्हणाली.

"ठीक नाहीये. दार लावा."

"आप अंदर, और दरवाजा बंद?"

"लावा हो!"

तिने राहायला आल्यावर नवं जाडजूड सागवानी दार बसवून घेतलं होतं. दार लागलं की बिजागरीपाशी वायर दबायची. रोज दुपारी ती झोपायला दार लावून घेई आणि अख्ख्या बिल्डिंगचे फोन जायचे. ती उठून दार उघडायची की सगळे परत सुरू. इतके महिने हे चाललं होतं. सासरे जमिनीवर बसून ती चेपलेली वायर बोटांनी मोकळी करत होते आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला होता, की मी हळूच खाली आले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आता लोकांना त्यांना बोलवावंच लागेना, कारण ते आधीच दारात हजर असायचे. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की रांगेतले निम्मे दिवे लागायचे आणि ते मजल्यामजल्यावर पळत सुटायचे. कोणी आंघोळीला बसलंय, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या मुलाची परीक्षा आहे, त्यांना काही नाही. "तुमचा दिवा लागलाय," असं म्हणत थेट आत. पूर्वी लोक माझ्या घरी यायचे, आता माझ्या घरचा माणूस लोकांच्या घरी जायला लागला. तक्रारी मात्र माझ्याकडेच यायच्या. जिन्यात सेक्रेटरी भेटले. ते आणि सासरे आता परत बोलत होते, जरा जास्तच बोलत होते.

"वहिनी, एक विनंती. आजोबांना म्हणावं, दिवा लागला तरी माणसाचं जेवण होऊ द्यावं."

मी सांगितलं. सासरे म्हणाले, "त्याच्याकडे ओल येते खिडकीतून. मी त्याला मागच्या वर्षीपासून सांगतोय."

श्रावणातला रविवार होता. मी पानं वाढली. सासूबाई बसल्या, नवरा बसला. सासऱ्यांची जागा रिकामी, आणि पाटीवर सेक्रेटरींचा दिवा लाल. मी त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं. वरण निवत चाललं. नवरा म्हणाला, "येतील." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने भात कालवायला लागला. एवढ्यात समोर दिवा विझला आणि आमचा रिसीव्हर वाजला. मी उचलला.

"सूनबाई, आवाज कसा येतोय?"

"येतोय."

"नीट सांग. खरखर आहे का?"

"नाही बाबा. जेवायला या. सगळे थांबलेत."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, सेक्रेटरींच्या बायकोचं काहीतरी बोलणं ऐकू आलं.

"यांच्याकडे वालाचं बिरडं केलंय," सासरे म्हणाले. "बसा म्हणतायत. तुम्ही जेवून घ्या."